डार्क बिअर आणि थंडीतलं गरम जेवण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थंडी पडली की दोन प्रकारचे प्रश्न येतात. पुण्या-मुंबईतले लोक विचारतात, "मटणाबरोबर स्टाउट चालेल का?" आणि डब्लिन, म्युनिक, लंडनकडे राहणारे आपले लोक विचारतात, "इथे डार्क बिअर ढीगभर मिळते, पण घरी तर भाकरी-भरीतच होतं, मग काय करायचं?" दोघांची उत्तरं इथे एकत्रच दिली आहेत. पिणाऱ्यांसाठी लिहिलंय, न पिणाऱ्यांनी सुरुवात करावी असं यात काही नाही.

बिअर काळी कशामुळे होते? रंग घालतात का?

चांगल्या बिअरमध्ये रंग धान्याचाच असतो. बार्ली भिजवून, मोड आणून वाळवली की तिचा माल्ट होतो. मंद आचेवर वाळवला तर पिवळी बिअर, थोडा जास्त भाजला तर तांबूस-तपकिरी, आणि २०० अंश सेल्सिअसच्या वर नेऊन काळा केला तर स्टाउट. १८१७ मध्ये इंग्लंडमध्ये डॅनियल व्हीलरने फिरत्या पिंपात माल्ट भाजायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. त्याआधी गडद बिअरसाठी बराचसा माल्ट तपकिरी भाजावा लागायचा. व्हीलरनंतर फिकट माल्टमध्ये मूठभर काळा मिसळला तरी काम होऊ लागलं. आजही काळ्याकुट्ट स्टाउटमध्ये काळं धान्य साधारण दहा टक्क्यांच्या आसपासच असतं, बाकी सगळं फिकट. आयरिश स्टाउटमध्ये मोड न आणलेली बार्ली भाजून घालतात. तो कॉफीसारखा कोरडा कडवटपणा येतो तो तिच्यामुळे.

काळी म्हणजे जास्त चढणारी ना?

नाही. गिनेस ही प्रसिद्ध आयरिश स्टाउट, तिच्या ड्राफ्ट (नळावरच्या) प्रकारात अल्कोहोल ४.२ टक्के असतं. आपल्याकडच्या कुठल्याही 'स्ट्राँग' लिहिलेल्या पिवळ्या बिअरमध्ये त्याहून बरंच जास्त. पण याच गिनेसची 'फॉरेन एक्स्ट्रा' ७.५ टक्क्यांची आहे, आणि श्रीलंकेची लायन स्टाउट ८.८ टक्क्यांची. रंग बघून अंदाज बांधू नका, लेबलावरचा आकडा वाचा.

स्टाउट आणि पोर्टर यांत फरक काय?

आज फारसा राहिलेला नाही. अठराव्या शतकात लंडनमध्ये हमालांची आवडती म्हणून जी गडद बिअर खपायची ती पोर्टर, आणि तिचा जोरकस भाऊ तो 'स्टाउट पोर्टर'. पुढे 'पोर्टर' गळून पडलं. ढोबळमानाने, पोर्टर चॉकलेट-टॉफीकडे झुकते आणि स्टाउट कॉफीकडे. पण दोन कंपन्यांच्या बाटल्या शेजारी ठेवल्या तर उलटंही निघू शकतं.

जुळवायची कशी? एकच नियम सांगा.

भाजलेल्याला भाजलेलं.

आता थोडं सविस्तर. डार्क बिअरची चव भाजण्यातून येते, आणि थंडीतलं आपलं बरंचसं जेवणही तिथूनच येतं. सुकं खोबरं आणि कांदा काळपट होईपर्यंत भाजून केलेलं वाटण, काळ्या मसाल्यातलं भाजलेलं दगडफूल, तव्यावर आणि मग थेट जाळावर डाग पडलेली बाजरीची भाकरी. या सगळ्यांची स्टाउटशी मुळातच ओळख आहे. म्हणून गोव्याची शाकुती, तिच्यात खोबरं, खसखस आणि मसाले सगळं भाजून घेतलेलं असतं, ती पोर्टरबरोबर इतकी शोभते की कुठल्याही युरोपीय जोडीला लाज वाटावी.

दुसरं, मीठ कडवटपणा दबवतं. त्यामुळे कोरडी स्टाउट नुसती प्यायला कठीण वाटत असेल तर भाजलेला पापड किंवा खारे शेंगदाणे घेऊन बघा, ती एकदम मवाळ होते.

तिसरं, आंबटापासून सांभाळून. चिंच, आमसूल किंवा व्हिनेगर जास्त असेल तर भाजका कडवटपणा तोंडात धातूसारखा लागतो. गोव्याच्या व्हिनेगरवाल्या सोरपोतेलबरोबर स्टाउट घेऊ नका. त्याला गोडसर डुंकेल (म्युनिकची गडद बिअर) किंवा डुबेल (बेल्जियमची गडद बिअर) हवी.

आणि रश्श्याचा रंग काळा म्हणून बिअर काळी, असं कधीही करू नका.

तांबडा रस्सा, झणझणीत मटण, यांच्याबरोबर कुठली?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि बहुतेक ठिकाणी याचं उत्तर चुकीचं मिळतं. "तिखटावर थंडगार बिअर" हे ऐकायला छान आहे, पण तिखट ज्या मज्जातंतूंना पेटवतं त्यांनाच अल्कोहोल आणखी हळवं करतं. वर बिअरमधला गॅस टोचतो आणि कडवटपणाने जाळ वाढल्यासारखा वाटतो. म्हणजे जोरदार, कडवट, फसफसणारी बिअर ही तिखटाची शत्रू.

मग काय घ्यायचं? गोडसर, कमी गॅसची, कमी कडवट. कोरड्या आयरिश स्टाउटपेक्षा मिल्क स्टाउट किंवा ओटमील स्टाउट बरी. आणि उष्ण प्रदेशातल्या स्टाउट तर याच कामासाठी जन्मल्यासारख्या आहेत. श्रीलंकेची लायन, जमैकाची ड्रॅगन या दोन्ही गुळचट, मळीची आठवण करून देणाऱ्या. आपल्यासारखंच मसालेदार खाणाऱ्या देशांत त्या टिकल्या याचं मला नवल वाटत नाही. लायनमध्ये अल्कोहोल भरपूर आहे हे खरं, म्हणून ती छोट्या ग्लासात आणि दोघांत एक.

कोल्हापुरी बेत असेल तर तांबड्या रश्श्याला गोड स्टाउट द्या. पांढऱ्या रश्श्याला मात्र काहीही लावू नका. नारळाचं दूध, काजू, खसखस असलेला तो नाजूक रस्सा वाटीनेच प्यावा. सावजी जेवायला बसला असाल तर जोडीबिडी विसरा, ताक मागवा.

आयरिश स्ट्यू घरी करायचा आहे. मटण चालेल का?

चालेल, नव्हे, जुना आयरिश स्ट्यू मटणाचाच. मेंढीचं मांस, बटाटे, कांदा, पाणी, मीठ, बस. स्टाउट घातलेला बीफचा स्ट्यू ही वेगळी डिश आहे, आणि पबमध्ये तीच जास्त दिसते. आपण दोन्ही जमवून बकऱ्याच्या मटणाचा करू.

पाऊण किलो हाडासकट मटणाला मीठ-मिरपूड लावून जाड बुडाच्या पातेल्यात तेलावर थोडं थोडं टाकून लाल करून घ्या. सगळं एकदम टाकलंत तर पाणी सुटेल आणि मटण भाजण्याऐवजी उकडेल. ते काढून त्याच पातेल्यात तीन मोठे कांदे उभे चिरून घाला आणि घाई न करता तपकिरी होऊ द्या. लसूण, चमचाभर कणीक, ती मिनिटभर परता. मग स्टाउट, साधारण ३३० मिलिलिटर. बुडाला चिकटलेलं सगळं उलथन्याने खरवडून घ्या, चव तिथेच असते. स्टाउट उघड्या पातेल्यात पाच-सात मिनिटं उकळली की मटण परत टाका, बुडेल इतकं पाणी किंवा यखनी, दोन तमालपत्रं, मिळाली तर थाइमची काडी. झाकण अर्धवट ठेवून मंद आचेवर दीड-दोन तास. गाजर-बटाटे शेवटच्या अर्ध्या तासात.

आता चाखा. हमखास थोडं कडू लागेल, कारण स्टाउट आटली की तिचा कडवटपणाही घट्ट होतो. सुपारीएवढा गूळ घाला. यासाठीच पाण्याऐवजी नुसती स्टाउट ओतू नका, आणि हॉप्सचा (बिअरला कडवट करणाऱ्या फुलांचा) मारा असलेली आयपीए तर चुकूनही नको.

कुकर लावायचा असेल तर आधी बिअर उघड्यावर उकळून घ्या, मगच झाकण. मटण कोवळं असेल तर चार शिट्ट्या पुरतात.

बरोबर प्यायला तीच स्टाउट जी पातेल्यात गेली. कोरड्या प्रकारातली कुठलीही चालते, डब्लिनची गिनेस किंवा कॉर्कची मर्फीज. आणि बुडवायला पाव, जाड कापलेला.

शिजवल्यावर अल्कोहोल पूर्ण उडून जातं ना? मुलांना देऊ का?

पूर्ण उडत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यानुसार अर्धा तास शिजवलेल्या पदार्थात घातलेल्या अल्कोहोलपैकी सुमारे ३५ टक्के राहतं, तासाभराने २५, दोन तासांनी १०, अडीच तासांनी ५ टक्के. वरच्या स्ट्यूमध्ये वाटणीला येणारं प्रमाण अगदी थोडं. पण लहान मुलं, गरोदर बाई, दारू सोडलेला माणूस किंवा धार्मिक कारणाने न घेणारा कुणी पंगतीत असेल तर त्यांच्यासाठी वेगळं पातेलं करा. निदान आधी सांगा तरी. न सांगता वाढणं बरं नव्हे.

बेल्जियन लोक हिवाळ्यात काय करतात?

फ्लँडर्सकडे बीफ आणि कांदा गडद बिअरमध्ये तासन्‌तास शिजवतात, त्याला कार्बोनाद म्हणतात. त्यांची एक युक्ती मला फार आवडते. पावाच्या किंवा मसालेदार केकच्या तुकड्यावर मोहरीचं वाटण फासून तो तुकडा, मोहरीची बाजू खाली करून, रश्श्यावर ठेवून देतात. तो विरघळतो आणि रस्सा दाट होतो, वर मोहरीची झणक. पाहुण्यांना कळत नाही दाटपणा कुठून आला. याबरोबर वेस्टमालची डुबेल किंवा शिमेची लाल लेबलवाली, दोन्ही ७ टक्क्यांच्या. यांच्यात भाजका कडवटपणा जवळजवळ नसतो, मनुका आणि काळ्या साखरेची चव असते. म्हणून गोड कांद्याच्या रश्श्याला त्या बरोबर बसतात. घरातली कांद्याची पातळ भाजी, किंचित गोडसर, त्याला हीच जोड करून बघा.

मी जर्मनीत राहतो. इथे स्टाउट फारशी दिसत नाही.

तिथे गरजही नाही. म्युनिकची डुंकेल ही माझ्या मते जेवणाबरोबर प्यायला सगळ्यात सोपी डार्क बिअर. पावाच्या खरपूस कडेची चव, कडवटपणा नावाला, अल्कोहोल ५ टक्क्यांच्या आसपास. भाजलेलं डुकराचं मांस आणि बटाट्याचे गोळे हा तिचा घरचा जोडीदार, पण ती खिचडी-कढीबरोबरही तोंड वाकडं करत नाही. पूर्वेला थुरिंगियाची श्वार्त्सबिअर काळी दिसते आणि हलकी लागते.

डोपेलबॉक हे वेगळं प्रकरण. म्युनिकच्या पाउलानर मठातल्या साधूंनी उपवासाच्या दिवसांत पोटाला आधार म्हणून ही घट्ट बिअर प्यायला सुरुवात केली. त्यांची साल्वाटोर आजही मिळते, ७.९ टक्क्यांची, आणि तिच्या मागोमाग आलेल्या बहुतेक डोपेलबॉकची नावं '-आटोर'ने संपतात. उपवासाला बिअर म्हटल्यावर आपल्याकडे भुवया उंचावतील, पण साबुदाणा वडा तरी कुठे हलका असतो.

बाम्बेर्गजवळ असाल तर श्लेंकर्लाची राउखबिअर चुकवू नका. बीचच्या लाकडाच्या धुरावर वाळवलेला माल्ट, वास थेट चुलीचा. घरी ओव्हनच्या ग्रिलवर वांगं पूर्ण काळं पडेपर्यंत भाजा, खान्देशी पद्धतीने हिरव्या मिरच्या-लसूण ठेचून भरीत करा, मिरच्या जरा हात राखून. पहिला घोट कुणालाच आवडत नाही. भरीताच्या दोन घासांनंतरचा आवडतो.

पोपटीबरोबर काय?

रायगडकरांचा प्रश्न, आणि रास्त. ज्यांना पोपटी माहीत नाही त्यांच्यासाठी: थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, जाडं मीठ, ओवा, मसाला लावलेली कोंबडी, अंडी, बटाटे, असं रचत जायचं. वर पुन्हा पाला कोंबून मडक्याचं तोंड बंद. मडकं शेतात उपडं ठेवून भोवती गवत-काटक्या पेटवायच्या. पाण्याचा एक थेंब नाही, सगळं शेंगांच्या आणि पाल्याच्या वाफेवर. अर्ध्या-पाऊण तासाने मडकं उघडलं की जो वास येतो तो पाल्याचा, ओव्याचा आणि धुराचा मिळून असतो.

धुराच्या पदार्थाला धुराची बिअर ही शंभर नंबरी जोडी झाली असती, पण राउखबिअर अलिबागच्या शेतावर कुठून आणणार? साधी पोर्टर घ्या. आणि ती बर्फाच्या बादलीत ठेवू नका, जानेवारीची रात्र पुरेशी थंड असते.

शाकाहारी आहे. मला काय?

भरपूर आहे. भाजलेल्या वाटणाची मसुराची आमटी आणि बाजरीची भाकरी, भरली वांगी (शेंगदाणा-तीळ जास्त, चिंच कमी), हुलग्याचे शेंगोळे, भाजलेलं रताळं. हुरड्याबरोबर तर डुंकेल फार छान, कारण कोवळ्या ज्वारीचा गोडवा आणि माल्टचा गोडवा एकाच घरातले. फक्त बरोबरच्या लसणाच्या चटणीवर ताबा ठेवा.

झटपट काही हवं असेल तर वेल्समधला रेअरबिट करा. लोण्यात थोडा मैदा परतून त्यात अर्धा कप पोर्टर, दोन मुठी किसलेलं चेडर, चमचाभर मोहरीची पेस्ट, मिरपूड. घट्ट झालं की भाजलेल्या पावावर थापून ग्रिलखाली डाग पडेपर्यंत ठेवा. (वूस्टर सॉस घालायची पद्धत आहे, पण मूळ सॉसमध्ये मासे असतात, शाकाहाऱ्यांनी वगळावा.)

पिठल्याबद्दल लोक विचारतात. पिठल्याला मी डार्क बिअर लावत नाही. बेसन आणि भाजका कडवटपणा मिळून तोंड कोरडं पडतं.

बिअर स्वतः शाकाहारी असते का?

बहुतेक असते. काही ब्रिटिश बिअर नितळ करायला माशाच्या फुग्यापासून केलेला पदार्थ वापरतात. गिनेसने आता तो बंद केला आहे. शंका असेल तर बाटलीवर 'वीगन' लिहिलंय का बघा.

मासे आणि स्टाउट? काहीतरीच!

काहीतरीच नाही. कालवं आणि स्टाउट ही लंडन-डब्लिनची जुनी जोडी आहे. व्हिक्टोरियन लंडनमध्ये कालवं गरिबांचं खाणं होतं आणि पोर्टर गरिबांचं पेय, म्हणून ती एकत्र आली. टिकली ती मिठामुळे, समुद्राचा खारटपणा स्टाउटचा कडवटपणा गोड करून टाकतो. कोकणात कालवं मिळतात, आपण कच्ची खात नाही आणि खाऊही नये. पण कमी मसाल्याचं कालवांचं सुकं, आमसूल बेताचं, याबरोबर कोरडी स्टाउट घेऊन बघा. सुरमईच्या आंबट-तिखट कालवणाला मात्र पिवळी बिअरच.

गोडाबरोबर?

इथे डार्क बिअर वाइनलाही मागे टाकते. नियम एकच: बिअर पदार्थापेक्षा कमी गोड असली तर ती आंबट-कडू लागते. म्हणून जोरकस, दाट इम्पीरियल स्टाउट घ्या, जी अठराव्या शतकात लंडनहून रशियाला जायची तो प्रकार. डिंकाचे लाडू, खारीक-खोबऱ्याची चव आणि तळलेला डिंक, याबरोबर ती अफलातून. गोव्याचा बेबिंका, ज्याचा प्रत्येक थर वरून खरपूस केलेला असतो, तो तर तिच्यासाठीच केल्यासारखा. गुळाची चिक्कीही चालते. श्रीखंड नको.

मिल्क स्टाउटमध्ये दूध असतं?

दुधातली साखर असते, लॅक्टोज. बिअरच्या यीस्टला ती पचत नाही, म्हणून गोडवा शिल्लक राहतो. दूध न पचणाऱ्यांनी आणि वीगन लोकांनी टाळावी.

किती थंड करायची?

फ्रिजमधून काढून पंधरा-वीस मिनिटं बाहेर. १० ते १३ अंशांना स्टाउट उघडते, डुंकेलला ८-१० पुरे. अगदी गार बिअरमध्ये जिभेला फक्त गारपणा कळतो. ग्लास फ्रीजरमध्ये ठेवायची सवय पिवळ्या बिअरसाठी राखून ठेवा. इम्पीरियल स्टाउटला अजून थोडी ऊब चालते.

बिअरने थंडीत ऊब येते का?

वाटते, येत नाही. अल्कोहोलने त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, चेहरा गरम होतो आणि शरीराची उष्णता उलट बाहेर जाते. शेकोटीजवळ ठीक आहे. महाबळेश्वरला रात्री बाईकवर निघताना हे लक्षात ठेवा. पिऊन गाडी चालवायची नाही हे तर वेगळं सांगायला नकोच.

आपल्याकडे मिळते कुठे?

ताजी हवी असेल तर मायक्रोब्रुअरी, म्हणजे जागेवरच बिअर बनवणारी जागा. पुण्यात २००९ मध्ये डूलाली सुरू झाली, २०१४ मध्ये इंडिपेंडन्स ब्रुइंग कंपनी, आणि आता शहरात अशा बऱ्याच जागा आहेत. बेंगळुरूला तर विचारूच नका. बहुतेक ठिकाणी एखादी तरी स्टाउट किंवा पोर्टर असते, पण नळावरच्या बिअर बदलत राहतात, निघण्याआधी फोन करा. बाटलीत सिंबाची स्टाउट बघा. आयात केलेल्या बिअर मोठ्या दुकानांत मिळतात, महाग पडतात. त्यांची तारीख नीट वाचा. जुनी झालेली हलकी स्टाउट ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते. महाराष्ट्रात सौम्य बिअरला किमान वय २१, कडक दारूला २५, गोव्यात १८.

घरात कुणी पीत नाही, पण चव हवी आहे.

गिनेसची ०.० प्रकारची बिअर आहे, परदेशात सहज मिळते आणि स्ट्यूमध्येही चालते. ती नसेल तर कोरी कॉफी अर्धा कप आणि थोडा गूळ यखनीत घाला. स्टाउट होणार नाही, पण रश्श्याला तो भाजका तळ येतो.

अर्धी स्टाउट उरली, फेस गेला. टाकून देऊ?

चॉकलेट केक करा. पाव लिटर स्टाउट आणि २५० ग्रॅम लोणी मंद आचेवर वितळेपर्यंतच गरम करा, त्यात ७५ ग्रॅम कोको आणि ३५० ग्रॅम साखर फेटून घ्या. कोमट झाल्यावर दोन अंडी, अर्धा कप घट्ट दही, २७५ ग्रॅम मैदा आणि दोन चमचे खायचा सोडा, चपटे. १८० अंशांना पाऊण ते एक तास. सोडा जास्त वाटेल, पण स्टाउट, दही आणि कोको तिन्ही आंबट असल्यामुळे तो लागतो. मिश्रण पातळच असतं, घाबरून वर मैदा घालू नका. केक दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो, तेव्हा पाहुणे रविवारी येणार असतील तर शनिवारीच करून ठेवा.